सांडूनं विचारलं होतं

सांडूबद्दल सांगायला बसलो आन पहिल्यांदा माहाच राग आला मला. माह्या तोंडाची टकळी कधी बंद न्हाई. टेम्पोवाल्याशी भांडतो, नळावर भांडतो, बायकोशी तर रोजच. पण जे एक सांगायचं होतं ते चार वर्षं घशात अडकून बसलं. आता सांगतो. मधी कोणी बोलू नका, न्हाई तर पुन्हा राहून जाईल.

मी राधेश्याम. गाव टेंभुर्णी, पण पंचवीस वर्षांपासून राहायला जालन्यात. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधी मी ऑइलमन. ऑइलमन म्हणजे रोलच्या बेअरिंगला तेल-ग्रीस द्यायचं, त्याच्यावर पाणी पडून राह्यलं का ते पाह्यचं, आन सगळ्यात मोठं काम म्हणजे ऐकायचं. हातभर लोखंडी गज असतो. त्याचं एक टोक बेअरिंगच्या पेटीवर टेकवायचं, दुसरं कानापाशी हाडाला. आतमधी काय चालू हाय ते हाडातून डोक्यात येतं. घरघर असली तर ठीक. खडखड आली तर चार-सहा दिवसांत बदलायला पाहिजे. आन शीळ घातल्यावानी बारीक आवाज आला तर बिलकुल थांबायचं न्हाई, जल्दी मिल बंद करायला सांगायचं. हे मला कोणी पुस्तकातून न्हाई शिकवलं. आधीच्या ऑइलमननं माह्या कानाला गज लावला आन म्हणला, ऐक.

सांडू चिमटेवाला. ज्यानं मिल पाह्यली न्हाई त्याला सांगतो. भट्टीतून लाल लोखंड निघतं आन रोलांच्या जोडीतून दबून पलीकडं लांब होऊन बाहेर पडतं. रोलांच्या त्या जोडीला स्टँड म्हणतात. सळई बाहेर आली की तिथल्या माणसानं तिचं तोंड चिमट्यात धरायचं, वळवायचं आन पुढच्या खाचेत घालायचं. हे एका मिनिटात कितीदा ते मोजायला कोणाला सवड नसती. वीस मिनिटं उभं राह्यचं, वीस मिनिटं बसायचं, गूळ खायचा, मिठाचं पाणी प्यायचं, परत उभं राह्यचं. तीन नंबरच्या स्टँडला या बाजूला सांडू आन त्या बाजूला कचरू.

सांडूचा जन्म अंबडकडच्या एका वाडीतला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बापाची ऐंशी मेंढरं होती. पोरगा चालायला लागला तसा मेंढरांमागं लागला. पुढं चराईची रानं कमी झाली, तसा कळप बी कमी झाला, आन विसाव्या वर्षी सांडू चुलत्याच्या ओळखीनं मिलमधी आला. येताना एकच गोष्ट घेऊन आला, ती म्हणजे हाळी. मिलमधी इतका आवाज की शेजारचा ‘मेलो’ म्हणला तरी कळायचं न्हाई. बाकीचे चिमटेवाले इशारा द्यायला शिट्टी मारायचे, न्हाई तर पत्रा बडवायचे. सांडूनं आपली मेंढरांची हाळी काढली. ‘हुर्रऽऽ हो हो!’ ती गळ्यातून न्हाई, पोटातून यायची, आन त्या गोंगाटातून बराबर वाट काढायची. सळई त्याच्या हातून रोलात गेली की हाळी, आन पलीकडं कचरू तयार. पहिल्यांदा लोकं चिडले. आम्हाला मेंढरं समजतो का म्हणून एकानं भांडणबी काढलं. सांडू म्हणला, मेंढरं तुमच्यापेक्षा बरी, एका हाळीत ऐकतात. मंग हळूहळू सगळ्यांला सवय झाली. तो सुट्टीवर असला की त्या दिवशी मिल मुकी वाटायची.

पकडीचा त्याला लई गर्व होता. चिमट्यानं सुपारी उचलून दाखवायचा. लाल सळईवर बिडी पेटवून चिमट्यानंच समोरच्याच्या हातात द्यायचा. वीस वर्षांत त्याच्या चिमट्यातून एक सळई सुटली न्हवती. एकवेळ बायनाबाई सुटंल पण चिमटा सुटायचा न्हाई, असं सगळ्यांदेखत म्हणायचा. बायनाबाई त्याची बायको. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं डब्यात नुसती भाकर आन मीठ दिलं, आन सांगून धाडलं की कोरड्यास चिमट्याला माग. तो डबा त्यानं आम्हाला सगळ्यांला दाखवला आन हसत हसत खाल्ला.

मला तो डाक्टर म्हणायचा. मी गज कानाला लावून वाकलो की तिकडून विचारायचा, डाक्टर, नाडी कशी हाय? मी अंगठा वर केला की मंगच चिमटा उचलायचा. ही थट्टा होती, पण नुसती थट्टा न्हवती. फोरमन ओरडो का मालक येवो, माहा अंगठा वर झाल्याबिगर हा माणूस रोलापुढं उभा राहत नसे. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता माहं येड सांगतो. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या.

माहे मामा रामप्रसाद, त्यांचं अंबडच्या एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. लोकं कागदावर गाण्यांची यादी आणायचे, मामा भरून द्यायचे. शाळेला मी मामाकडंच होतो, शाळा सुटल्यावर तिथंच बसायचो. मोबाईल आले आन दुकान बसलं. मामानं दोन खणांचं रेकॉर्डिंगचं मशीन, हातातला एक छोटा टेप आन कोऱ्या कॅसेटांची चार खोकी मला दिली, घेऊन जा म्हणले, न्हाई तर भंगारात जाईल. मी मिलमधी लागलो तेव्हापासून गजातून ऐकायचा नाद लागलेला होताच. एक दिवस तो छोटा टेप फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आन स्टँडजवळच्या खिळ्याला अडकवला. घरी येऊन लावला. काय सांगू तुम्हाला! मोबाईलवर तेच भरलं की मोठा आवाज आला रे आला की मोबाईल दबकतो. कॅसेट दबकत न्हाई. ती फाटते, पण फाटलेला आवाजच मिलचा खरा आवाज वाटतो. बायको दैवशाला म्हणली, बारा घंटे तिथं ऐकता ते कमी पडतं का, म्हणून घरी आणलं? तिचं बी बराबर होतं. पण मी काही थांबलो न्हाई. दर आठ-पंधरा दिवसाला एक कॅसेट भरायची, खोक्यावर तारीख टाकायची.

माह्या मोठ्या भावाची पोरगी आकांक्षा पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आल्ती तेव्हा तिनं ऐकलं आन थोडंसं मोबाईलवरून नेटवर टाकलं. आठ दिवसांत मिथुन नावाच्या पुण्यातल्या माणसाचा फोन आला. त्यानं सांगतलं तेव्हा मला कळलं की असे आवाज ऐकणाऱ्या लोकांची एक जातच हाय. त्यांला गाणं नको, ताल नको. त्यांला कारखान्याचा, तारेचा, मोडक्या रेडिओचा आवाज पाहिजे, आन तो कॅसेटवरच पाहिजे. कोणी बंगळुरात, कोणी जर्मनीत, कोणी पोलंडमधी. चाळीस कॅसेटा काढायच्या, एकमेकांला पोस्टानं धाडायच्या, संपल्या की संपल्या. दुकानात मिळत न्हाई, रेडिओवर लागत न्हाई, चोरूनछपून चालल्यावानी सगळं. मिथुन आपल्या खोलीतून हेच काम करतो. माह्या कॅसेटांला वेष्टन काय घालायचं म्हणून विचार चालला होता, तर दैवशालानंच बियाण्याच्या कंपन्यांच्या रिकाम्या कापडी पिशव्या कापून शिलाई मशीनवर छोट्या थैल्या शिवून दिल्या. ‘ज्वारी संकरित’ असं अर्धवट छापलेल्या थैलीत मिलचा आवाज पोलंडला गेला. चाळीस वर्षांत कोणी मला शाबास म्हणलं न्हवतं. ते परके लोकं म्हणायला लागले, आन मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

आता त्या बुधवारचं.

सकाळी तीन नंबरला गज लावला आन आतमधून शीळ आली. बारीक, लांब, मधीच तुटणारी, परत लागणारी. तिच्यावर रोलांची धडधड आन मधून सांडूची हाळी. असं मी कधीच ऐकलं न्हवतं. शीळ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, वीस वर्षांचा कान हाय. त्याच पावली जाऊन फोरमनला सांगायचं होतं. दोन घंटे मिल बंद राह्यली असती, बेअरिंग बदललं असतं, फोरमननं शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. मी काय केलं? जाऊन टेपची पिशवी आणली आन स्टँडला लावली.

मनाशी म्हणलो, शुक्रवारी मिलला सुट्टी हाय, बेअरिंग तर शुक्रवारी बदलतातच. दोन दिवसांचा तर सवाल हाय. माणसाला आपल्या सोयीचा हिशोब किती लवकर येतो पाहा.

टेप चालू होता तेव्हाच सांडूनं मान वर केली. त्यालाबी ऐकू आलं होतं. मेंढरातलं एक खोकलं तरी ज्याला कळतं, त्याला हे कळणार न्हाई का? तो तिकडून ओरडला, ‘डाक्टर, हे काय वाजून राह्यलं?’

मी ओरडलो, ‘वाजू दे! बराबर हाय!’ आन अंगठा वर केला.

त्यानं चिमटा उचलला. संध्याकाळी घरी येऊन मी ती बाजू ऐकली आन मला झोप लागेना, इतका आनंद. आवाज दिवसभर चढत गेल्ता. उद्याचा याच्यापेक्षा चांगला निघंल म्हणून मी नवी कॅसेट पिशवीत घातली. हो, हे मीच केलं. तोंडाला लाज वाटते पण सांगतो.

गुरुवारी दुपारी साडेतीनला बेअरिंग फुटलं. रोल दोन बोटं सरकला, खाच सरकली. सांडूनं सळईचं तोंड जिथं घालायचं तिथंच घातलं, पण तिथं खाच न्हवती. सळई वर चढली, उलटी फिरली आन त्याच्या डाव्या पायाला वेटाळली. तिचं शेपूट पलीकडं कचरूच्या दंडावर बसलं. मी त्या वेळी एक नंबरच्या आडोशाला टेपचे सेल बदलून राह्यलो होतो. हाळी ऐकू आली न्हाई म्हणून वर पाह्यलं.

पाय गुडघ्याखाली गेला. कचरूचा हात वाचला पण कोपरात वाकडा झाला तो झालाच.

तिसऱ्या दिवशी मला हापिसात बोलावलं. स्टँड कसा होता म्हणून विचारलं. मी म्हणलो, बराबर होता. सकाळी ऐकला होता का? ऐकला होता. झालं. कागदावर आलं की चिमटा सुटल्यामुळं अपघात. तो कागद घेऊन हापिसातले लोकं दवाखान्यात सांडूकडं गेले. त्याचा भाऊ सुग्रीव तिथं बसलेला होता, त्यानं मला पुढं सांगतलं. सांडूनं कागद वाचायच्या आधी एकच विचारलं, राधेश्याम काय म्हणला? ते म्हणले, स्टँड बराबर होता म्हणला. सांडूनं पेन मागून घेतला. मंग म्हणला, डाक्टर म्हणला बराबर होता, तर मंग माहाच हात चुकला. आन सही केली.

सुग्रीव हे मला सांगत होता तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. माह्या हातातला चहा सांडला, आन मी टपरीवाल्यावर ओरडलो की ग्लास कामून इतका गरम देतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

जयपूरचा पाय लागल्यावर सांडू पहिल्यांदा कुठं गेला असंल? कचरूच्या घरी. सोबत एक गाभण मेंढी घेऊन. कचरूच्या दारात मेंढी बांधली, म्हणला, माह्या हाळीवर तू इस्वास ठेवला आन माह्या हातानं तुहा हात गेला, एवढं ठेवून घे. कचरू नको नको म्हणत होता, पण सांडूनं ऐकलं न्हाई. अपराध माहा, आन दंड तो भरून आला.

तिथून पुढं सांडू वेगळाच माणूस झाला. अंबड रोडच्या वस्तीत घर, दारात आधीपासूनचीच दहा-बारा मेंढरं. पण मेंढरांला हाळी बायनाबाई घालते, तो घालत न्हाई. मिलमधी कामाला जाणारा कोणीबी भेटला की त्याला थांबवून सांगतो, चिमटा घट्ट धर बाबा, माह्यावानी करू नको. मी चार वर्षांत दोनदा गेल्तो त्याच्याकडं. दोन्ही वेळा दहा मिनिटांत उठलो, काम हाय म्हणून. चोराच्या मनात चांदणं. त्यानं एकदाबी कोणाला बोल लावला न्हाई, आन मला तेच सहन होत न्हवतं.

आन ती बुधवारची कॅसेट? वर्षभर गव्हाच्या कोठीत दडवून ठेवली. जाळाविशी वाटली, जाळली न्हाई. मिथुन नवं काही धाड म्हणून मागं लागला होता. मी मनाची समजूत घातली, आवाज तर आवाज हाय, त्याचा काय दोष? दोन खणांच्या मशीनवर दुसरी कॅसेट लावली आन सांडूचा प्रश्न आला तिथं बटण दाबून थांबलो, माहं उत्तर संपलं तिथून पुढं परत चालू केलं. सफाईनं कापलं, मामानं शिकवलेलं होतं. चाळीस कॅसेटा पंधरा दिवसांत खलास. पोलंडच्या एकानं लिहिलं की त्या शिळेनं रडू येतं, असा आवाज कोणत्या यंत्रानं काढला? मी मिथुनला सांगतलं, जुनं बेअरिंग हाय म्हणून कळव. ती कॅसेट घरात लागली की मी उठून अंगणात जायचो. दैवशालाच्या ते ध्यानात आलं होतं. कामून उठता म्हणून एकदा विचारलं तिनं, मी खेकसलो, परत तिनं विचारलं न्हाई.

गेल्या पौषात आकांक्षाचा फोन आला. मिथुनला त्या कॅसेटच्या अजून शंभर काढायच्या हायत म्हणली. पण त्याच्यात हाळी घालणारा माणूस कोण, त्याचं नाव वर टाकायला पाहिजे. ‘काका, त्यांला विचारलं तरी हाय का तुम्ही?’

मी पोरीवर ओरडलो. फोन ठेवला. तीन दिवस अन्न गोड लागलं न्हाई. शुक्रवारी सकाळी दोन खणांचं मशीन गाडीच्या मागं दोरीनं बांधायला लागलो तर दैवशाला दारात येऊन उभी राह्यली. मी सांगतलं, सांडूची इजाजत घ्यायला चाललो. ती म्हणली, ‘इजाजत घ्यायला चालले का माफी मागायला, ते एकदा ठरवा.’ तिला काय आन किती कळलं होतं ते देवाला ठाऊक. मी आत गेलो आन कोठीतली मूळ कॅसेटबी खिशात घातली.

सांडूनं मला पाह्यलं आन आत बायनाबाईला आवाज दिला, अगं डाक्टर आला, चहा टाक. इतका खूश झाला की मला परत गाडीवर बसावंसं वाटलं. मी कॅसेटांचं, पोलंडचं, थैल्यांचं सगळं सांगतलं. लई हसला. माही हाळी परदेशात गेली का, तिकडं मेंढरं हायत का ऐकायला, म्हणून विचारलं. बायनाबाईनं चुलीवरून भगुनं उतरवलं, चहा आणून आमच्यापुढं ठेवला. मंग तो म्हणला, लाव की, ऐकू दे माहा आवाज.

दोन खिशात दोन कॅसेटा होत्या. कापलेली उजव्या खिशात. मी डाव्यात हात घातला. बोलायची हिंमत न्हवती, तेवढं बोटाला जमलं.

धडधड सुरू झाली. सांडू खाली पाहत बसला, पण त्याच्या दोन्ही मुठी चिमटा धरल्यावानी आपोआप मिटल्या. मंग हाळी आली, ‘हुर्रऽऽ हो हो’. दारातली मेंढरं सगळीच्या सगळी उठून उभी राह्यली. चार वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता. सांडू हसायला लागला होता, तेवढ्यात शीळ लागली. त्याचं हसू राह्यलं तिथंच. आन मंग त्याचाच आवाज आला, डाक्टर, हे काय वाजून राह्यलं? त्याच्यामागं माहा.

तो म्हणला, परत लाव. मी मागं घेऊन परत लावलं. परत लाव म्हणला. तीनदा ऐकलं.

‘हे कोणत्या दिवशीचं?’

‘बुधवारचं. आदल्या दिवशीचं.’

‘तुला कळलं होतं?’

‘हो. आवाज चांगला होता म्हणून सांगतलं न्हाई.’

त्यानं माह्याकडं पाह्यलंच न्हाई. आपल्या उजव्या हाताकडं पाहत राह्यला, पंजा उघडला, मिटला. आन माह्याशी न्हाई, त्या हाताशीच बोलल्यावानी म्हणला, ‘मंग माहा हात चुकला न्हवता.’

मंग त्यानं बायनाबाईला हाक मारली आन मला परत लावायला सांगतलं. तिनं उभ्यानंच ऐकलं. टेप बंद झाल्यावर तिनं माह्याकडं पाह्यलं. ‘भाऊजी,’ ती म्हणली, ‘चार वर्षं झाली, हा माणूस घरातली सांडशी हातात धरत न्हाई. चुलीवरचं भगुनं मीच उतरवते.’ आन माह्यापुढचा चहा, जो मी अजून उचलला न्हवता, तो तिनं उचलून आत नेला.

सांडूनं मारलं असतं तर बरं झालं असतं. आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणला की बुधवारी कचरूला बोलावतो, मिशिन घेऊन ये.

बुधवारी मी खाडा करून गेलो. कचरू वाकडा हात मांडीवर घेऊन बसला होता. तो आता बियाण्याच्या एका गोदामावर रखवालदार हाय. मी मशीन लावलं, बटण दाबलं. बाजू संपली. मी कॅसेट काढायला हात पुढं केला तर सांडू म्हणला, ‘मिशिननं सांगतलं. आता तू तोंडानं सांग.’

भांडायला माहं तोंड कसं उचलली जीभ लावली टाळ्याला असं चालतं, ते त्या दिवशी उघडेना. तरी सांगतलं. शीळ ऐकली होती, तिचा अर्थ ठाऊक होता, आवाज आवडला म्हणून गप राह्यलो, मंग भेलो म्हणून खोटं बोललो. चार वाक्यं होती. चार वर्षं लागली त्यांला. बोलता बोलता रडलो, पण माह्या रडण्याकडं कोणी पाह्यलं न्हाई, आन ते बराबरच होतं.

कचरू उठला, माह्या पायाशी थुंकला आन परत येऊन बसला. सांडूला म्हणला, तुही मेंढी उद्या आणून सोडतो. सांडू म्हणला, राहू दे, आता ती तुहीच हाय. मंग सांडू काठी न घेता उठला, खुरडत चुलीपाशी गेला, सांडशी घेतली आन उकळतं भगुनं एका हातानं उतरवलं. एक थेंब सांडला न्हाई. कचरूला चहा दिला, बायनाबाईला दिला, स्वतः घेतला. मला दिला न्हाई. मी मशीन दोरीनं बांधून निघालो.

दुसऱ्या दिवशी हापिसात जाऊन मी खरं काय ते लिहून दिलं. आता तिथं दुसरा मॅनेजर हाय. जुनी गोष्ट हाय, वर पाठवतो म्हणला. मला ऑइलमनच्या कामावरून काढून यार्डात टाकलं हाय, भंगार वेगळं करायला. तिथं ऐकायचं काही काम न्हाई. ठीकच हाय.

कॅसेटचं मी सोडूनच दिल्तं. पण सुग्रीवच्या हाती सांडूचा निरोप आला. नाव टाका म्हणला, पुरं नाव टाका. आन मधलं कापायचं न्हाई, हाय तसं जाऊ द्या. मी मूळ कॅसेट मिथुनला धाडली. दैवशालानं शंभर थैल्या शिवल्या. त्यातली पहिली कॅसेट मी सांडूकडं पोचवली, दारातूनच. आता तो वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ऐकवतो. त्याच्याकडं टेप न्हाई, म्हणून मला बोलावणं येतं आन मी मशीन घेऊन जातो. मी बटण दाबतो, लोकं ऐकतात, मंग सगळे माह्याकडं पाहतात. मी मान खाली घालत न्हाई. तेवढं तरी त्याचं देणं लागतो.

मागच्या आठवड्यात आकांक्षाचा परत फोन आला. पोलंडच्या त्याच माणसानं लिहिलं होतं. ह्या वेळची कॅसेट आधीपेक्षा चांगली झाली म्हणत होता. मधी दोन माणसं एकमेकांला ओरडून काही बोलतात, तो भाग त्याला सगळ्यात आवडला. भाषा कळत न्हाई पण दोघांची दोस्ती कळते म्हणत होता. ते काय बोलतात, ते त्याला पाहिजे होतं. आकांक्षानं विचारलं, काय कळवू काका?

मी म्हणलो, लिही. एकजण विचारून राह्यला, हे काय वाजतं. दुसऱ्याला माहीत हाय, आन तो सांगत न्हाई.